धुराच्या गाण्याचं शेवटचं कडवं

अव्वा, काल दुपारी एक माणूस फोनोची पेटी घेऊन दारात आला आणि त्या पेटीतून तुझं गाणं वाजलं. म्हणून लिहायला बसलेय. तू गेल्याला इतकी वर्षं झाली की आता समोर आले तर ओळखशील की नाही, शंकाच आहे. माझे पुढचे दात गेलेत आणि नातवंडं मला अज्जी म्हणतात. अक्षर मात्र दुसरीतून शाळा सुटली तेव्हाचंच आहे, कोंबडी चालून गेल्यासारखं. तुला कुठं वाचता येत होतं, तेव्हा त्याची लाज नाही.

तो माणूस बाजारातल्या तबकड्यांच्या दुकानातला. काळी टोपी, पान खाल्लेलं तोंड, जीभ गुळासारखी. त्याचं काम असं की घरोघरी फिरायचं, पेटीला चावी द्यायची, नव्या तबकड्या लावायच्या आणि बायकांना काय आवडलं ते विचारून कागदावर खुणा करायच्या. ज्या तबकडीला खुणा जास्त, ती दुकानदार जास्त मागवणार. मला म्हणाला, "अज्जी, तुम्ही नुसतं ऐका. आवडलं तर आवडलं म्हणा. तेवढं साकु, पुरे." मी म्हटलं, "आणि नाही आवडलं तर पेटी उचलून जाशील?" तर म्हणतो, "छे हो, दुसरी लावीन." मग म्हटलं लाव बाबा, मला डाळ पाखडायचीच आहे. पहिली कुठलीशी आरती निघाली, ती ऐकता ऐकता मला पेंग आली. दुसरी लावली आणि माझं सूप हातातल्या हातात थांबलं.

"चुलीच्या धुरा जा रे, जा माझ्या माहेराला, कसा डोळ्यांत आलास, सांग माझ्या आईला."

गाणारी कुणी बाई होती, आवाज बारीक, मागं तबला आणि सारंगी. जन्मात चूल फुंकली नसावी तिनं, पण सूर बरोबर धरला होता. मग दुसरं कडवं. "ओली होती लाकडं, फुंकर पडली अपुरी, धुरानं आलं पाणी, सांग माझ्या घरी." आणि तिथंच सुई खरखरायला लागली. मी थांबले. आता येईल, आता येईल. त्यानं सुई उचलली. "पुढचं कडवं?" मी विचारलं. "संपलं की, अज्जी." सुनेनं तबकडी हातात घेऊन मधल्या गोल कागदावरचं वाचून दाखवलं. जुने स्त्रीगीत, कर्ता अज्ञात. मी विचारलं, अज्ञात म्हणजे काय गं? ती म्हणाली, म्हणजे कुणी केलं ते ठाऊक नाही.

अव्वा, माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! "कुणाला ठाऊक नाही? मला येऊन विचारलं कुणी?" तो माणूस हसतो. म्हणतो, "अज्जी, ही बायकांची गाणी आपोआपच होतात. लोकांच्या तोंडी असतात." मी म्हटलं, "आपोआप कुत्र्याच्या छत्र्या उगवतात, उकिरड्यावर. गाणं करावं लागतं. हे माझ्या आईनं केलंय, भाकऱ्या थापताना, आणि करपलेल्या भाकऱ्या मी खाल्ल्यात."

खोटं बोलले नाही मी. अप्पा गेल्यावर तू उणकलहून चालत नाटक कंपनीच्या बिऱ्हाडी स्वयंपाकाला जायचीस. कंपनीचा मुक्काम हुबळीत असला की तंबूमागं पत्र्याची शेड उभी राहायची, तिथं मोठ्या चुलीपुढं तू बसलेली असायचीस. मी कडेवर पोर घेऊन पीठ मळायला यायची. तू गुणगुणतेस, थांबतेस, भाकरी उलटतेस, पुन्हा तीच ओळ वेगळी करून म्हणतेस. "लाकडं ओली की फुंकर अपुरी, काय आधी घालू गं?" असं मला विचारतेस आणि माझं न ऐकता तुझंच करतेस. गाणं पुरं झालं त्या दिवशी तू शेवटच्या कडव्यात तुझं नाव घातलंस. संतांच्या अभंगात असतं ना, तसं. तुला वाटायचं, नाव आत ओवलं की गाणं कुठंही गेलं तरी आपलंच राहतं, गाईच्या पाठीवर डाग दिल्यासारखं. पण नाव घातलंस ते माहेरचं! जे लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात सासरचं नाव लिहून पुसून टाकलं होतं, ते. हुबळीत ते कुणाला माहीत? मी म्हटलंसुद्धा, "अव्वा, हे नाव कोण ओळखणार?" तू म्हणालीस, "धूर माझ्या माहेरी, अळणावराकडं निघालाय. तिथं माझं सासरचं नाव कुणाला कळणार?"

कंपनीच्या मालकानं ते गाणं शेडीच्या दाराशी उभं राहून ऐकलं आणि नव्या नाटकात घातलं. मालक वाईट नव्हता, पण त्याचं सगळं लक्ष लोकांकडं. नाटक चाललेलं असताना तो विंगेत रंगमंचाकडं पाठ करून उभा राहायचा आणि पडद्याच्या फटीतून बसलेल्यांची तोंडं न्याहाळायचा. लोक कुठं पुढं सरकले, कुठं विड्या पेटल्या, कुठं कुजबूज झाली. त्याचा नियम ठरलेला, कुजबूज झाली की लोक कंटाळले, तेवढं कापायचं. बायकांची बाजू बांबूच्या चिकाच्या पडद्याआड असल्यामुळं त्याला दिसत नव्हती, म्हणून त्यानं मला तिथं फुकट बसवलं. तुला म्हणाला, "अक्का, तुझ्या लेकीला म्हणावं, कुठं रडल्या, कुठं पोरं घेऊन उठल्या, ते नीट बघ." दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडीत खोक्यावर बसायचा आणि चहा पीत मला विचारायचा. मीही फुशारून सांगायची. माझ्या सांगण्यावर त्यानं एका राजाचं अख्खं भाषण उडवलं होतं. राजा करणारा नट महिनाभर माझ्याकडं बघून तोंड वाकडं करायचा.

तर तुझं गाणं पहिल्यांदा झालं त्या प्रयोगाचं सांगते. तू नव्हतीस, तुला पंगतीची घाई. स्त्रीपार्ट करणारा नट चुलीपुढं बसून गातोय. दोन कडव्यांपर्यंत बायका नुसत्या डोळे पुसतायत, असली रडणी मी रोज बघत होते. मग शेवटचं कडवं आलं. तुझं नाव आलं, आणि पुढं, "म्हणते, आई, सुकीच होती लाकडं, धुरावर घालून आळ, झाकलं माझं रडं." बायकांत रडणं थांबलं, अव्वा. एकदम थांबलं. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती, तिनं माझं मनगट धरलं आणि स्वतःचं माहेरचं नाव सांगितलं. मी विचारलं नव्हतं. "हे होतं बघ माझं नाव," म्हणाली, "कुणी हाक मारून किती काळ झाला." तिच्या पलीकडच्या बाईनं आपलं सांगितलं, मग मागच्या रांगेतल्या दोघी. पडद्याआड सगळीकडं बायका एकमेकींना आपापली गेलेली नावं सांगत होत्या. हळूच, पण इतक्या जणी की मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आवाज झाला.

आणि मालकानं विंगेत उभं राहून तेवढा आवाज ऐकला.

सकाळी खोक्यावर बसताच म्हणाला, "शेवटच्या कडव्याला बायका कुजबुजल्या." मी म्हटलं, "मालक, कंटाळून नाही. नावं सांगत होत्या." "कसली नावं?" मी सगळं सांगितलं, त्या म्हातारीसकट. त्यानं चहाचा घोट घेतला, जरा विचार केला, आणि म्हणाला, "असेल. पण तिकीट पुरुष काढतात, आणि पुरुष विचारतात ही कोण बाई. या नावाची बाई हुबळीत आहे का कुणी?" तू समोर बसलेली होतीस! हात पिठात, भाकरी तव्यावर. मी तुझ्याकडं बोट केलं. तो म्हणाला, "अक्काचं नाव वेगळं आहे, सगळ्यांना माहीत आहे." आणि कडवं कापलं. मला बसवलं कशाला मग? बायकांच्या मनातलं ऐकायला माणूस ठेवायचा आणि ते सोयीचं निघालं नाही की त्यांचा आवाज म्हणजे खोकला धरायचा? मी हे तोंडावर बोलणार होते, तर तू माझ्यावरच खेकसलीस. "गप बस. भाकरी बघ, करपली."

तुझी लढाई तू दुपारी लढलीस. पंगत बसली, मालकानं आमटीचा भुरका मारला आणि थांबला. "अक्का, मीठ विसरलीस." तू वाढतच राहिलीस. "विसरले नाही, मालक. काल पंगतीत कुजबूज ऐकली. म्हटलं, लोकांना मीठ नको झालंय, कापलं." सगळी पंगत हसली, तो राजा करणारा तर ठसका लागेपर्यंत. मालकसुद्धा हसला, अव्वा. हसत हसत त्यानं मिठाची वाटी ओढली, वरून चिमूट घातली आणि जेवला. तूही पदर तोंडाला लावून हसलीस. त्या हसण्याचा मला आजवर राग आहे. आमटीत मीठ वरून घेता येतं. तू तवा उलटा टाकून घरी यायला हवं होतंस, शेडीच्या दारात बसायला हवं होतंस. तू हसलीस आणि गोष्ट मिटली. कंपनी बेळगावाकडं गेली, गाणं बरोबर गेलं. त्यानंतर तू घरात पुष्कळ गाणी केलीस, पण एकातही नाव घातलं नाहीस. मी विचारलं तर म्हणायचीस, "कशाला उगा लांबण." लांबण! स्वतःच्या नावाला!

हे सगळं मी त्या पेटीवाल्याला सांगितलं, एवढं नाही, पण बरंच. त्यानं ऐकून घेतलं, हे त्याच्या बाजूनं सांगते. पेन्सिल काढून म्हणाला, "सांगा अज्जी, आईचं नाव सांगा, मी दुकानदाराला कळवतो, ते तबकडीच्या कंपनीला कळवतील." मी सांगितलं. मग त्यानं विचारलं, कुठल्या कागदावर आहे हे नाव? कुठल्याच नाही. तुझ्या घराच्या उताऱ्यावर सासरचं, मेल्याची नोंद केली तिथं सासरचं. "मग अज्जी, या नावाच्या बाईनं केलं म्हणून कोण सांगणार? उद्या कुणीही येईल आणि माझ्या आईचं म्हणेल. हक्क कागदावर लागतो." त्याच्या गोड जिभेवर मालकाचंच बोलणं. मी म्हटलं, "तिनं नाव गाण्यातच लिहिलं होतं. तुम्ही ते कापलंत आणि आता मला विचारताय नाव कुठं लिहिलंय." तो बिचारा खाली बघून टोपी सारखी करायला लागला. म्हणाला, "मी नाही कापलं, अज्जी. तबकडीवर जागाच तेवढी असते." सून मधे पडली, म्हणाली, "अत्ती, जाऊ द्या की, त्यांचा काय दोष." तिला म्हटलं, तू गप, डाळ बघ. आणि माझ्या तोंडून तुझाच आवाज आला.

माझं म्हणणं एवढंच होतं, अव्वा. पैसा मी मागितला नाही, आणि मागितला असता तर कुणी दिला नसता. त्या गोल कागदावर एक ओळ हवी होती. हुबळीत, धारवाडात, कुठल्या कुठल्या घरांत ती तबकडी फिरणार, बायका ऐकणार, आणि सगळ्यांना वाटणार की लाकडं खरंच ओली होती. तू दोन कडवी धुराचं निमित्त रचलंस ते तिसऱ्यात मोडायला. आता निमित्त तेवढं उरलंय. तुझं नाव गेलं, आणि त्याच्याबरोबर तुझं रडणंही गेलं, असं कुणाला सांगू? पेटीवाल्याच्या कागदावर त्याला रकाना नव्हता.

हे पत्र चुलीत घालावं, म्हणजे धूर होऊन तुझ्याकडं येईल, असलं काही मी करणार नाही. नाटकात शोभतं ते. डाळीच्या डब्याखाली घडी करून ठेवते. सुनेला सापडलं तर वाचेल.

एक सांगायचं राहिलं. तो पेटी मिटायला लागला तेव्हा मीच म्हटलं, अजून एकदा लाव. त्यानं लावलं. दोन कडवी झाली, सुई खरखरायला लागली, आणि त्या खरखरीवर मी तिसरं म्हटलं, तुझ्या नावासकट, दात नसलेल्या तोंडानं. सून ऐकत उभी राहिली. पेटीवाल्यानं विचारलं, "मग अज्जी, आवडलं म्हणून खूण करू?" मी कर म्हटलं. खरंच आवडलं होतं. तुझं नाव नसतानाही, पहिल्याच खेपेला. राग सगळा त्या आवडण्याचाच आहे.