नागीण गेल्यावर

बाबा, मला नागीण झाली आहे. डाव्या कुशीपासून पाठीपर्यंत, जवळपास तुम्हाला झाली होती तिथेच. फोड सुकले, खपल्या पडल्या, पण आतली आग तशीच आहे. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? झाल्या होत्या, तुम्हीच रजा टाकून माझ्या उशाशी बसला होतात, मी खाजवू नये म्हणून माझे दोन्ही हात धरून. बाई म्हणाल्या, कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो विषाणू अंगातून जात नाही. नसांच्या मुळाशी वर्षानुवर्षं पडून राहतो, आणि वय झालं, शरीर थकलं, की त्याच नसेच्या वाटेनं बाहेर येतो. फोड जातात, पण काहींची ती नसच दुखरी होऊन बसते. त्या सांगत होत्या आणि मला दारव्ह्याचं आपलं अंगण दिसत होतं, त्यात उघड्या अंगानं बसलेले तुम्ही.

तुमच्या वेळी हे कुणी समजावून सांगितलं नाही. शेजारच्या काकूंनी आईला घाबरवलं, की नागिणीचं तोंड अन् शेपूट जुळलं म्हणजे माणूस हाती लागत नाही. आधी गेरूचा लेप देणाऱ्याकडे नेलं, मग डॉक्टरकडे. फोड गेले, सगळ्यांनी हुश्श केलं, आणि खरं दुखणं तिथून सुरू झालं. पंख्याचा वारासुद्धा तुम्हाला सोसत नसे. तहसील कचेरीत तुम्ही बटणं सोडून, एका हातानं सदरा अंगापासून लांब धरून, दुसऱ्या हातानं लिहायचात. एकदा मी डबा घेऊन आले तेव्हा तुमचे साहेब शिपायांसमोर बोलत होते, "बाबू, हे ऑफिस आहे, तुमच्या घरची ओसरी नाही. फोड तर कधीचेच गेले न? मग आता काय दुखून राह्यलं?" तुम्ही उभे राहिलात आणि वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावलीत. घरी तरी काय वेगळं होतं? आई थकून म्हणायची, "डागही दिसत नाही आता, अन् तुमचं आपलं सुरूच." हळूहळू तुम्ही सांगणंच सोडलंत.

मग माझं लग्न ठरलं, आर्णीच्या घरी. लग्नाच्या सकाळी मी आतल्या खोलीत आले, तर तुम्ही नवा सदरा मांडीवर घेऊन बसलेले. अंगात घालायचा धीर होत नव्हता. मी म्हटलं, "बाबा, व्याहीभेटीले काकाले उभं करू. कोणी काही म्हणत नाही."

"कायले? पोरीचा बाप जित्ता असून काका काहून भेटन? तुह्या सासऱ्याले वाटन, याच्या मनात काही आहे. नाही बाप्पा."

"पण ते दाबून धरतीन न तुमाले."

"धरू दे. एका घडीचं काम आहे."

माझे सासरे धिप्पाड आणि हौशी माणूस. हार घालून झाल्यावर त्यांनी तुम्हाला मिठीत घेतलं, आणि पोरांनी ओरडा केला तसं चक्क जमिनीवरून उचललं. अख्खा मांडव हसतो आहे, बँड वाजतो आहे, आणि त्यांच्या खांद्यावरून तुमचं तोंड नेमकं माझ्याकडे आहे. तुम्हीही हसता आहात. डोळ्यांतून मात्र पाणी वाहतं आहे. माझ्याजवळची मावशी म्हणाली, "पाह्य, बापाचा जीव कसा तुटून राह्यला." साऱ्यांनी तेच धरलं. खाली ठेवल्यावर तुम्ही त्यांच्या पाठीवर थाप मारलीत आणि पुढच्या पाहुण्याला भेटायला हात पसरलेत.

त्यानंतर तुम्ही कचेरीत फार दिवस टिकला नाहीत; मुदतीआधीच नोकरी सोडलीत. मी माहेरी आले की दरवेळी थोडे आणखी उतरलेले दिसायचात. जेवण तुटलं होतं, बोलणंही. गेलात तेव्हा डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. आंघोळ घालून, कोरं कापड गुंडाळून तिरडीवर दोरी आवळताना माझ्या तोंडून निघून गेलं, "हळू बांधा." बांधणाऱ्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आईनं मला जवळ ओढलं, आणि पहिल्यांदाच ती मोठ्यानं रडली.

आता गोळ्या आहेत. त्यांनी डोकं जड होतं, झोप येते, आग थोडी लांब गेल्यासारखी वाटते. सून चांगली आहे, रोज विचारते, "आई, आज बरं वाटते न?" आधी मी खरं सांगायचे. मग एक दिवस तिच्या चेहऱ्यावर तो थकवा दिसला, जो आपल्या आईच्या चेहऱ्यावर असायचा, आणि मी "हो" म्हणू लागले. काल डॉक्टरीणबाईंनाही सांगून आले, पुष्कळ कमी आहे.

ही चिठ्ठी कुठे पाठवायची नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. कमी नाही, बाबा. आणि मला फार भीती वाटते.