खचलेला कोपरा

३ ऑक्टोबर १९२१
आलो बाई एकदाचे! बॅलार्डमधली ती भाड्याची खोली, डोक्यावर नाचणारी पोरं, जिन्यात कायमचा हेरिंग मासे तळल्याचा वास, सगळं सुटलं. अर्नेला बेटावरच्या लाकडाच्या वखारीत राखणदाराचं काम मिळालं आणि कामासोबत घर! समोर पिठाची गिरणी, मागे जहाजांचा कारखाना, कडेला तेलाच्या टाक्या. औषधालाही झाड नाही, पण खिडकीतून अख्खं बंदर दिसतं.

हे बेट काही देवाने केलेलं नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी सिएटलला आपली टेकडी नकोशी झाली, तेव्हा तोफेसारख्या नळांनी पाणी मारून ती धुऊन काढली आणि तो सगळा गाळ इथल्या दलदलीत ओतला. लग्नाआधी अर्ने मला त्याच टेकडीवर फिरायला न्यायचा. आता तिच्याच चिखलावर संसार मांडतोय म्हणून दोघंही खूप हसलो.

६ ऑक्टोबर
भरावाची जमीन अजून बसते आहे, त्यामुळे इथली घरं ठोकळ्यांवर आणि जॅकवर उभी असतात. कोपरा खचला की जॅकचा दांडा फिरवायचा, घर वर. आमच्या स्वयंपाकघराचा कोपरा चांगलाच खचलाय. कप ठेवला की सरकत टेबलाच्या काठाला जातो. अर्ने जातिवंत जहाजसुतार, पातळी बघायची पाणसळ खिशात घेऊन झोपणारा. वाकडी जमीन दिसली की याच्या घशाखाली घास उतरत नाही. "गुद्रुन, हे घर आहे की बुडतं जहाज?" असं दर जेवणाला ऐकते.

आधीचा राखणदार वेइक्को, फिनलंडचा म्हातारा, आता शेजारच्या टाक्यांवर असतो. किल्ल्या देताना त्याने बजावलं की बाकी काहीही उचला, तेवढा कोपरा खालीच असू द्या. का, असं विचारलं तर म्हणाला, "पोरी, झाकण आहे ते. झाकण कुणी उचलून बघतं का?" तो गेल्यावर अर्ने म्हणाला की फिन लोक कॉफीत काय ओततात ते कळलं.

९ ऑक्टोबर, रविवार
अर्नेने कोपरा उचललाच. कारखान्यात जहाजाच्या पोटात माणूस असला की तो हातोडीने दोन ठोके देतो, थांबतो, मग एक. म्हणजे 'मी आत आहे, बंद करू नका.' घराखाली शिरतानाही अर्ने तसंच ठोकतो. मी वरून पाय आपटून उत्तर दिलं. पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधोमध आला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. मी वॉफल केले.

मात्र तुळई उचलली तेव्हा तिच्याखाली विटा दिसल्या. एक धुराडं आहे, ताठ उभं, खाली चिखलात गेलेलं. आमचं घर त्याच्यावर टेकलं होतं. अर्ने आधी म्हणाला, भरावातला कचरा असेल. मग त्याने विटांना पाणसळ लावली, आणि पुन्हा एकदा लावून पाहिली. फेकलेला कचरा असा ओळंब्यात उभा राहत नाही.

११ ऑक्टोबर
स्वयंपाकघरात कोळशाचा धूर येतोय. आमची चूल थंड आहे. विटांना हात लावला तर कोमट लागल्या.

मला राहवेना, वेइक्कोकडे गेले. टेकडी धुतली तेव्हा प्रुएट नावाची एक विधवा घर विकेना. कंपनीने चारी बाजूंनी माती खाल्ली. मातीच्या खांबावर तिचं घर, आणि संध्याकाळी धुराड्यातून धूर. एक दिवस सगळंच गाळात उतरलं. बाई सापडली नाही. वेइक्कोच्या आधीच्या राखणदारानेही कोपरा उचलला होता, खाली उतरला होता. मी घाबरून विचारलं, परत आला? "आला की," म्हातारा म्हणाला. "पण त्याची बायको त्याच आठवड्यात पळाली. घरात कोण आहे ते तिला सांगता येईना."

अर्नेला सांगितलं. हसला नाही.

१३ ऑक्टोबर
विटांशेजारची माती आत कोसळली. माणूस मावेल एवढं भोक. खालून बाईमाणूस खोकल्याचा आवाज. मी पाय धरले त्याचे. पण कुणी अडकलं असेल तर मी वर बसून कॉफी पिऊ का, म्हणाला. दोराचं एक टोक ठोकळ्याला, एक कमरेला बांधून उतरला. बराच वेळ काही नाही. मी हाका मारल्या. मला खूप भीती —

आला! आला वर. नखशिखांत चिखल, हात बर्फासारखे. मी रडले. मग धावत जाऊन दांडा उलटा फिरवला, तुळई विटांवर घट्ट बसून भोक झाकेपर्यंत. तो नुसता बघत उभा राहिला.

१३, दिवेलागण
कॉफी दिली. कप सरकला, काठावरून पडून फुटला. त्याने पाहिलंसुद्धा नाही. उतरत्या जमिनीवर खुर्ची, आणि हा स्वस्थ बसलाय. अर्ने. स्वस्थ.

खिशात पाणसळ नाही.

वर आला तेव्हा कमरेला दोर नव्हता. दोर भोकातच होता — ताणलेला — मी तुळईखाली दाबला —

ठोके. जमिनीखालून. दोन. मग एक.

देवा, मी काय केलं. मी पाय आपटला. लगेच पुन्हा — घाईघाईने — तो आहे. जिवंत आहे. कोपरा उचलायला हवा. दांडा —

दांडा याच्या मांडीवर. याला ठोके ऐकू येतात. खोकतोय. बायकी खोकला. विचारतोय, काय लिहितेस. अर्नेने आजवर कधी —

उठला.

खाली दोन. थांबून