सीगमारचं इंजिन

९ नोव्हेंबर, शनिवार

माझ्यावर आजवर तीन मोठे अन्याय झाले. बायको गेली. वर्तमानपत्राने माझ्या विनोदी सदराची जागा अर्धी केली. आणि आज सकाळी साडेदहाला माझ्या खेळण्यातल्या इंजिनाचा स्क्रू स्वयंपाकघराच्या फरशीवर पडून नाहीसा झाला. पहिल्या दोन वेळी निदान पत्र तरी आलं होतं.

तिळाएवढा स्क्रू. दोन तास रांगलो. फ्रिजखाली एक वाटाणा मिळाला, बहुधा लग्नाच्या काळातला. अशा कामाला दोन माणसं लागतात – एकाने बॅटरी धरायची, दुसऱ्याने शोधायचं. मी दोन्ही केलं. बॅटरी दातांत धरून.

१० नोव्हेंबर

स्क्रू मोज्यात होता.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दाराची घंटा वाजली. मला वाटलं, खालच्या बाईंचं पार्सल. दारात आमच्या खेळण्यातल्या रेल्वेच्या क्लबातल्या सीगमारची बायको, उलिगबाई! हातात पुसायच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. अंगातला कोट काढला नाही, बसल्याही नाहीत.

"क्लबचे सगळे रूळ यंदा डिजिटल झालेत. ह्याच्या ह्या इंजिनात डिकोडर बसव. दिवे लाव – पुढे पांढरे तीन, मागे लाल दोन. विनोद नको."

"सीगमार स्वतः करेल की. मला त्यानेच शिकवलंय."

"नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी प्रदर्शन आहे. त्याची गाडी पुन्हा धक्के खात सुटली तर अध्यक्ष योखेन कंट्रोलर दुसऱ्याच्या हातात देणार. ही वेळ आली ती तुझ्यामुळेच. त्याला सांगितलंय, शहरातल्या दुकानात दिलंय म्हणून. तुझं नाव कळता कामा नये."

गेल्या.

तुझ्यामुळेच – म्हणजे जानेवारीतलं सदर. "आमच्या गावात दोन गोष्टी डुलत जातात: सणाच्या रात्री घरी निघालेले सभासद आणि क्लबची एक्सप्रेस. दोन्हींचं इंधन एकच." नाव घातलं नव्हतं. गरजच नव्हती, एक्सप्रेस चाळीस वर्षं सीगमारच चालवतो. गाव आठवडाभर हसलं. मला क्लबातून कोणी काढलं नाही. फक्त गुरुवारी, क्लबाच्या दिवशी, 'येतोस ना' म्हणून जो फोन यायचा, तो यायचा थांबला. मीही विचारलं नाही. मानी माणूस मी. मानासोबतच जेवतो हल्ली.

१३ नोव्हेंबर

इंजिनाचं टप काढलं आणि तसाच बसून राहिलो.

आत कोणीतरी आधी प्रयत्न केलाय. डिकोडर म्हणजे नखाएवढी पाटी – रुळांतून आलेला हुकूम मोटरला आणि दिव्यांना पोचवते. ती अर्धीच जोडलेली. वायरींची आवरणं जळलेली. टपाच्या आतल्या बाजूला प्लास्टिक वितळून खड्डा पडलाय. एका जोडावर सोल्डरचे पाच गोळे. सीगमार म्हणायचा, "थेंब तांदळाच्या दाण्याहून मोठा झाला की ते सोल्डरिंग नाही, बांधकाम." सबंध क्लबात त्याच्याइतका स्थिर हात कोणाचा नव्हता.

हे त्याचंच काम आहे. लाल वायरीला तिढा द्यायची पद्धत त्याची आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज तो क्लबात असणार, म्हणून सातला उलिगबाईंना फोन केला. विचारलं, हात कधीपासून?

त्यांच्याकडचं दार लावल्याचा आवाज आला. मग: "दोन वर्षं. पार्किन्सन. कोणाला सांगायचं नाही म्हणतो."

"मग मी लिहिलं तेव्हा –"

"तू लिहिलंस तेव्हा पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाला, दारू म्हणतायत ना, म्हणू देत. बरंच झालं."

फोन ठेवल्यावर जेवण केलं नाही. माफीचं सदर लिहायला बसलो. 'तो प्यायलेला नव्हता' – एवढं लिहिलं की लोक लगेच विचारणार, मग काय होतं? फाडलं. माझा एक फालतू विनोद त्या माणसाने पांघरून घेतलाय. तो काढून घ्यायचा तरी कसा?

१६ नोव्हेंबर

जुनं सगळं सोल्डर उपसलं. डिकोडर नवा घातला. पुढचे तीन दिवे लागले. मागचे लागेनात. एक दिवा उलटा जोडला होता. माझे हात तर स्थिर आहेत, मला कसलं निमित्त?

२० नोव्हेंबर, बुधवार

प्रायश्चित्ताचा आणि प्रार्थनेचा दिवस. सगळ्या देशात ही सुट्टी फक्त आमच्या सॅक्सनी प्रांताला. बाकीच्यांना बहुधा गरज नाही.

टेबलावर दोन मीटर रूळ मांडला. जुन्या पद्धतीत बटण जरा हललं की वीज कमीजास्त व्हायची, गाडी दचकायची आणि दिवेसुद्धा कापायचे. डिजिटलमध्ये दिव्यांना हात कळत नाही. आणि डिकोडरमध्ये आकडे भरता येतात – वेग किती सावकाश वाढावा, किती सावकाश उतरावा. आकडा मोठा असला की बटणाची थरथर गाडीपर्यंत पोचायच्या आतच विरून जाते.

पण किती मोठा? ते बघायला थरथरणारा हात हवा.

म्हणून दिवसभर स्वतःचाच हात थरथरवत बसलो. आयुष्यभर लोकांच्या नकला करून पोट भरलं, पण एवढी मन लावून नक्कल कधी केली नव्हती. पाचवर दचकली. बारावर जराशी. तीसवर लोण्यासारखी सुटली, पण थांबेना – टेबलावरून खाली जाणार होती, पोटाने अडवली. शेवटी वाढायला अठरा, उतरायला अकरा. संध्याकाळपर्यंत मनगट भरून आलं. मी सहाला थांबलो. त्याला थांबता येत नाही.

२३ नोव्हेंबर

उलिगबाई येऊन इंजिन घेऊन गेल्या. सांगितलं, "बोगद्यातून बाहेर आली की लगेच बटण शून्यावर आणायचं, फलाटापाशी आपोआप थांबेल. दुकानदाराने सांगितलं म्हणा."

"क्लबातला बोगदा दुकानदाराला कसा ठाऊक?"

मी इंजिन फडक्यात गुंडाळून दिलं. आज त्या दोन मिनिटं बसल्या.

१ डिसेंबर, रविवार

तिकीट काढून गेलो. दोरीच्या अलीकडे, लोकांत उभा राहिलो. सीगमारचा डावा हात खिशात, उजवा बटणावर. हात हलत होता. गाडी नाही. बोगद्यातून तीन पांढरे दिवे निघाले, न कापता. फलाटापाशी गाडी अलगद टेकली.

शेजारी योखेन म्हणाला, "यंदा कोरडा आलेला दिसतोय, न पिता."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तेव्हाही कोरडाच होता. इंजिनातली वायर जळली होती. मी न विचारता लिहिलं. पुढच्या शनिवारी छापतोय तसं."

सीगमारने वळून माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "वायरीचं तुला कोणी सांगितलं?"

"दुकानदाराने."

"हं." तो पुन्हा रुळांकडे वळला. "त्याला म्हणावं, ब्रेकचा आकडा अजून एक-दोनाने कमी कर. गुरुवारी इंजिन क्लबात घेऊन येतो."