दोन हातांत दोन साड्या

प्रिय भिंगरे,

पाकीट बघून दचकू नकोस. तुझी आई आहे, मीही आहे, कुणी कुठे गेलेलं नाही. आजी म्हातारपणी लिहायला शिकली की काय, असं वाटलं असेल तर तेही नाही. अक्षर म्हणजे मला अजून मुंग्यांची रांगच. हे लिहितेय ती आपल्या खालच्या मजल्यावरची ब्लाउजवाली. मी तिच्या दुकानात कापडाच्या गठ्ठ्यावर बसून बोलतेय आणि ती मशीन बंद ठेवून उतरवतेय. तिला बजावलंय, तोंडातून येईल तसं लिही, मध्ये तुझी कात्री चालवू नकोस. वर आईपाशी समोरची मास्तरीणबाई बसलीय, तिला वाटतंय मी हुकं लावून घ्यायला खाली आलेय. तर आता लांबण लावत नाही. माझ्या हातून तुझी आई निसटत चाललीय गं. सकाळी दोन साड्या समोर धरल्या की डोळे घट्ट मिटून घेते. काय करू, मला काही सुचत नाही.

तू पाठवलेले गाऊन पोचले. कापड मऊ आहे, पुढून चेन आहे, धुवायला सोपे, सगळं खरं. पण एकावर बदकं आहेत, बाई. जिने उभा जन्म पोस्टाच्या खिडकीवर काढला, जिच्यापुढे भांडायला आलेला माणूस आवाज खाली करायचा, तिच्या पोटावर बदकं? मी तो अंगाला लावून आरशात बघितला. मलाही शोभत नाही, आणि मला तर लाजच कमी. हसू नकोस. हसलीस तरी चालेल म्हणा, इथे हसायला कुणी उरलं नाही.

तुला आठवत असेल, पोस्टात जायच्या आधी ती कपाटापुढे कशी उभी राहायची. तू बूट घालून दारात नाचतेयस, उशीर उशीर म्हणून ओरडतेयस, आणि ही आपली पदर उलगडून बघतेय. सगळ्या बायका साडी निवडताना तिचा रंग बघतात, काठ बघतात. ही फक्त पदर बघायची. म्हणायची, खिडकीतून लोकांना मी कमरेपासून वरच दिसते, खालच्या निऱ्यांचं कौतुक टेबलाच्या पायांना. दुःखाची तार करायला लोक येत त्या काळापासून ती तिथे होती. पुढे तारा बंद झाल्या, पण भडक पदर लावून त्या खिडकीत बसायचं नाही, ही तिची सवय गेली नाही. कुणाच्या घरी काय झालं असेल, आपल्याला काय माहीत, म्हणायची. तिचं साडी निवडणं म्हणजे नटणं नव्हतं. समोर येणाऱ्या माणसाचा ती आधीच विचार करून ठेवायची.

तिला झटका आला तेव्हा तू धावत आलीस, पण परत गेलीस तेव्हा ती दवाखान्यातच होती, त्यामुळे पुढचं तू पाहिलेलंच नाहीस. घरी आणली तेव्हा उजवं अंग लुळं आणि तोंडातून एकच शब्द, तो पण कुठल्या भाषेतला देव जाणे. पाणी हवं तरी तो, दुखतंय तरी तो. चिडून डाव्या हाताने अंगावरचा झगा ओढायची नुसती. एकदा चादर काढायला म्हणून मी तिचं कपाट उघडलं तर पलंगावरून असा आवाज आला की मी दाराला धडकले. वळून बघते तर नजर साड्यांवर. मी आपली दोन काढल्या, एक या हातात, एक त्या हातात, आणि म्हटलं, सांग बाई, कुठली? बराच वेळ गेला. मग डावीकडच्या राखाडी साडीवर तिची नजर थांबली. जवळ नेली तर डाव्या हाताचं बोट काठावरून फिरवलं तिने, हळूच. भिंगरे, आजार झाल्यापासून तिने मला दिलेलं ते पहिलं उत्तर. मी तीच साडी तिला नेसवली.

मग रोज तेच. आमची दोघींची सकाळ म्हणजे सर्कस. आडव्या माणसाला साडी नेसवणं तुझ्या कुठल्या कॉलेजात शिकवत नसतील. निऱ्या आधी माझ्याच मांडीवर घालून घ्यायच्या आणि त्यांना दोरीवरचा चिमटा लावायचा. तिला एका कुशीवर वळवायचं, साडीचा एक वळसा पाठीखाली सरकवायचा, मग दुसऱ्या कुशीवर. ब्लाउजची बाही आधी लुळ्या हातात, मग चांगल्या. ह्या लिहिणारीने सगळ्या ब्लाउजांची एक बाजू उसवून टिचबटणं लावून दिली, पैसे घेतले नाहीत वर मलाच ओरडली, की आजी, आधी का नाही आणलेत. मग तिला उशीला टेकवून बसवायचं, निऱ्या खोचायच्या आणि पदर डाव्या खांद्यावर. चांगला खांदा तोच राहिलाय हे नशीब. एकदा वळवता वळवता मीच तिच्या अंगावर पडले आणि साडीत दोघी गुंडाळल्या गेलो. ती हसली. अर्ध्याच तोंडाने, पण काय हसली! व्यायामवाला आला तेव्हा आम्ही तशाच. तो बिचारा दारातून परत फिरला.

आणि ती पोपटी साडी. तुझ्या आत्याने दिलेली, जी बघून तुझी आई म्हणाली होती की ही नेसून शेतात उभी राहिले तर पाखरं येणार नाहीत. मी मुद्दाम तिला चिडवायला अधूनमधून तीच पुढे करायची. असे डोळे वटारायची, काय सांगू! तोंडाने एक शब्द धड येत नव्हता, पण डोळ्यांनी मला तुझ्या आजोबांपेक्षा चांगल्या शिव्या दिल्या तिने. मी म्हणायची, घे, अजून दे, आज तब्येत बरी दिसतेय.

आता तेच सगळं थांबलंय. एका सकाळी मी दोन साड्या धरल्या आणि तिने डोळे मिटले. वाटलं, झोप झाली नसेल. दुसऱ्या दिवशी तेच. मी आवडत्या काढल्या, नावडत्या काढल्या, तुझ्या बाबांनी शेवटची आणलेली जांभळी काढली. म्हटलं ती बघून रडेल तरी. नाही. शेवटी रागाने म्हण, भीतीने म्हण, मी ती पोपटी काढली आणि न विचारता नेसवली. वाटलं, आता तरी फाडून खाईल मला. तर बाहुलीसारखी नेसून घेतली गं तिने. या कुशीवर वळवली तर वळली, त्या कुशीवर वळवली तर वळली. दिवसभर त्या पोपटी साडीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी संध्याकाळी ती सोडली आणि मोरीत जाऊन नळ चालू करून रडले. त्या दिवसापासून तोंडही उघडत नाही. चमचा ओठाला लावून बसायचं, अर्धं बाहेर, अर्धं आत. हातावरची कातडी सैल झालीय तिच्या, माझ्यापेक्षा सैल.

डॉक्टर म्हणतात, अशा आजारात मन खचतं, होतं असं, गोळी बदलून बघू. बदलली. गोळी घेऊन ती जास्त झोपते, एवढंच. तुझा मामा येऊन गेला. त्याचंही चुकत नाही. निऱ्या खोचायला मी वाकले आणि वर उठताच येईना, पलंगाचा पाय धरून बसून राहिले, तेव्हा नेमका तो दारात. म्हणाला, आई, पुरे झाला तुझा हट्ट, एकीला सांभाळता सांभाळता मला दोघींना उचलावं लागेल. रविवारी तो सांभाळणारी बाई आणि दवाखान्यातला पलंग घेऊन येतोय. पलंगाला जागा हवी म्हणून कपाट जाणार, साड्या वाटून टाकणार. ती बाई गाऊनच घालते म्हणे सगळ्यांना, तिच्याकडे वेळ नसतो. बरोबर आहे, कुणाकडे असतो? माझी बोटंही आता निरी धरता धरता सोडून देतात. मी मामाशी भांडले असते. पण भांडायला मला त्या दोन डोळ्यांचा आधार लागतो. ती बघतेय, निवडतेय, आत माझी मुलगी जागी आहे, हे सांगायला माझ्याकडे दुसरा पुरावाच नाही. तिनेच डोळे मिटले तर मी कुणाच्या जोरावर भांडू? रविवारनंतर तिला कुणी काही विचारणारच नाही. विचारलं नाही की माणूस आत आत जातं, आणि मग हाक मारली तरी येत नाही. मी फार घाबरलेय, भिंगरे. तुझ्या आजोबांच्या वेळीही इतकी घाबरले नव्हते.

आता जे वर घरात बोलता येत नाही, ते सांगते. मला कानाने कमी ऐकू येतं म्हणून तुझा फोन मी नेहमी मोठ्या आवाजावर लावते, आणि तुझा आवाज तुटत नाही अशी जागा घरात एकच, तुझ्या आईच्या उशीजवळ. तिने डोळे मिटले त्याच्या आदल्या सकाळी तुझा फोन आला. माझी कंबर धरलीय हे ऐकून तू कळवळलीस, आणि म्हणालीस, आजी, कशाला जीव काढतेस, तिला आता काय कळतंय, साडी काय आणि गाऊन काय. माझ्या मायेपोटी बोललीस, मला ठाऊक आहे. पण नुकतीच निवडलेली साडी तिच्या मांडीवर होती आणि बोट काठावर होतं. तू बोललीस आणि तिने ते बोट उचललं. दुसऱ्या सकाळपासून डोळे मिटलेले. मी तिला रोज सांगते की पोरीला तसं म्हणायचं नव्हतं, पण माझं ऐकून काय उपयोग, ते मी थोडंच म्हणाले होते. म्हणून हे पत्र. फोनवर काही बोलू नकोस, माफी मागू नकोस, रडू तर मुळीच नकोस. रविवारच्या आधी ये. कपाट उघड, तुला वाटतील त्या दोन साड्या काढ, तिच्यासमोर धर आणि विचार, आई, कुठली? घाई करू नकोस, तिला वेळ लागतो. हात दुखले तरी खाली घेऊ नकोस. तुझ्यासमोरही तिने डोळे मिटले तर मी मामाच्या आड येणार नाही, तो बदकांचा गाऊन मी माझ्या हाताने घालीन तिला. पण एकदा तू विचार. मी विचारून विचारून संपले गं.

जिन्यावर पाय वाजला की उठून बघणारी,
तुझीच आजी