होकार आल्याशिवाय ट्रक हलवायचा नाही

३ मार्च, सकाळी ६.१०
परदेशातल्या नोकरीचा पहिला दिवस. गोदामात ऑपरेशन्स सुपरवायझर म्हणजे आपणच राजे. बारा डॉक, चाळीस माणसं, दिवसाला साठ ट्रक. संकल्प तीन : रोज चालणं, इथली भाषा महिन्याभरात, आणि एक जूनला बायको-लेक इथे. प्लॅनिंग हा तर आपला धंदाच आहे.

९ मार्च
भाषेची प्रगती झकास. 'मागे घ्या', 'सावकाश', 'सही करा' अस्खलित येतं. जिन्यात शेजारच्या आजी काहीतरी गोड बोलल्या. मी हसून 'सही करा' म्हणालो. तेव्हापासून मला बघितलं की लिफ्टने जातात. लाजाळू असाव्यात.
चालणं उद्यापासून. बूट चावतो.

१७ मार्च
फोनवर बायकोला जूनचं विचारलं. बघू म्हणाली. बघू म्हणजे होच. बारा वर्षांचा संसार आहे, मला तिची भाषा कळते. ती पुढेही बरंच काही बोलत होती, पण तेवढ्यात डॉक चारवर गोंधळ झाला. लेक फोनवर आली नाही. अभ्यास करत होती म्हणे. गुणी पोर.

२ एप्रिल
दोन खोल्यांचं घर घेतलं. खुर्च्या तीन. फोर्कलिफ्टवाल्याने त्याच्या व्हॅनमधून पोचवल्या. पाहुणे येणार का, विचारत होता. पाहुणे कसले, घरचीच माणसं, असं खुणांनी सांगितलं. त्याला वाटलं, मी त्याला जेवायला बोलावतोय. घाईघाईने घड्याळ दाखवून निघून गेला. बरंच झालं, भात करपला होता.
रोज वेगळ्या खुर्चीवर बसून जेवतो. एकच खुर्ची झिजायला नको.

१९ एप्रिल, सुट्टी
दोघींची तिकिटं काढली! एक जून, सकाळचं विमान. सरप्राइज. फोनवर सहज पुन्हा विचारलं, तर पुन्हा बघू. आतून खूश आहे, दाखवत नाही. लेकीच्या खोलीत तिच्या लाडक्या कार्टूनची चित्रं चिकटवली. दिवसभरात बाकी कोणाशी एक शब्द नाही. घशालाही विश्रांती हवीच की.

८ मे
डिस्पॅचच्या कारकुनाला सगळ्यांसमोर झापलं. पठ्ठ्याने पलीकडच्या गोदामाला न विचारता ट्रक सोडला. तिकडे जागाच नव्हती. माल जसाच्या तसा परत. मोडक्या इंग्रजीत ठणकावलं : समोरून होकार आल्याशिवाय ट्रक हलवायचा नाही. गप्प बसले म्हणजे होकार नव्हे. 'कळवतो' म्हणजेही नव्हे. माझ्याहून वयाने मोठा आहे, पण शिस्त म्हणजे शिस्त. नियम छापून बाराही डॉकवर लावला.

२४ मे
बायकोला तिकिटं पाठवली. लगेच फोन. चिडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, मी येते असं कधी म्हटलं होतं? तिची नोकरी, लेकीची शाळा, तिच्या आईचे गुडघे, सगळं म्हणे मार्चपासून सांगतेय. आणि लेकीने ते कार्टून दोन वर्षांपूर्वीच सोडलंय. म्हटलं, थांब, माझ्याकडे सगळं तारखेनिशी लिहिलेलं आहे.

२४ मे, संध्याकाळी ७
वही चाळली. दोनदा विचारलंय, दोनदा 'बघू'. नोकरी, शाळा, गुडघे यांचं एक अक्षर नाही.

१ जून
त्यांचं विमान येऊन गेलं. मी डॉक सातवर माझीच नोटीस वाचत उभा होतो. कारकून शेजारी आला. मला त्याला सॉरी म्हणायचं होतं, तोंडातून 'सावकाश' निघालं. त्याने पाठीवर थोपटलं. तीन महिन्यांत मला कोणाचा हात लागला नव्हता. डोळ्यांत पाणीच आलं. फार एकटं वाटतं इथे. लिहून टाकतो, कोण वाचणार आहे.
घरी येऊन बायकोला मेसेज केला : सप्टेंबरात सुट्टी काढून मीच आलो तर चालेल का?
उत्तर आलं, बघू.
तिकीट काढलेलं नाही. थांबलोय.