गोधडीचा उघडा कोपरा

प्रिय चिमे,

आईची नवी गोधडी बिघडून आली आहे आणि ती सुधारणं माझ्या हातात नाही, म्हणून हे पत्र. शिवणात मी किती ढ आहे ते तुला माहीत आहे. माझ्या कोटाचं बटण अजून शेजारीण लावून देते. फोन केला असता, पण फोनवर तू 'हो ताई, हो ताई' करतेस आणि तेवढ्यात तुला गॅस आठवतो.

आईची जुनी गोधडी या वेळच्या धुण्यात फाटली. रफू करायलाही कापड उरलं नाही. थंडी तोंडावर आलेली, म्हणून मी ट्रंकेतून तो वरचा थर काढला, हात चालत होते तोवर आईने जोडून ठेवलेला. बाबांचे चौकड्यांचे शर्ट, तुझा पिवळा फ्रॉक, माझ्या कॉलेजातल्या कोटाचं निळं अस्तर, सगळं त्यात आहे. फक्त कापूस घालून, खाली अस्तर लावून टाके मारायचे राहिले होते. मी पहिल्यांदा तुलाच विचारलं. तू म्हणालीस, सध्या जमणार नाही, दे कुणालातरी. दिली. पोस्टाच्या कोपऱ्यावर काचेच्या दाराचं दुकान आहे, तिथली बाई गोधड्या शिवून देते.

तिला मी सगळं दोनदा सांगितलं. कापूस सुटा घाला. टाका हाताचा आणि लांब लांब असू द्या. खालचा डावा कोपरा वीतभर उघडा ठेवा. ती हसून म्हणाली, "अहो ताई, उघडा कशाला? उंदीर शिरेल." मी सांगितलं, आमची आई प्रत्येक गोधडीचा एक कोपरा उघडा ठेवते, कापसाचे गोळे झाले की तिथून हात घालून सारखे करते. बाईंनी नंदीबैलासारखी मान हलवली. मला वाटलं, कळलं.

घरी आली ती गोधडी नव्हे, फळी. आत कापसाऐवजी कसलीशी तयार चादर. बाबांच्या शर्टांवर मशीनने चकचकीत दोऱ्याच्या वेलबुट्ट्या. बाबांनी आयुष्यात कधी फुलाफुलांचा रुमालसुद्धा वापरला नाही. आणि चारही कोपरे बंद, वर दुहेरी शिलाई. मी तशीच उलट्या पावली दुकानात गेले. बाई म्हणाल्या, "तुमचा तो कोपरा राहिला होता ना, तो मी बंद करून दिला. अर्धवट काम माझ्या दुकानातून बाहेर जात नाही." मी म्हटलं, तो राहिला नव्हता, ठेवायचा होता. तर म्हणे, "तुम्ही बोललात खरं, पण मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला बोलताय." मग माझ्यासमोर कोपरा उसवून दिला. त्याचा उपयोग शून्य, कारण मशीनचे टाके थेट काठापर्यंत गेलेले. आत हात काय, बोटही जाईना. पुन्हा नव्याने करा म्हटलं तर उत्तर मिळालं, "याहून चांगलं कुणी करून दाखवावं." मी नोकरीभर दुकानदारांची वजनमापं तपासली. मापात मारणारा पकडता येतो ग. ज्याला वाटतं आपण उपकारच केले, त्याला कुठून पकडायचं?

तो कोपरा आईने कापसासाठी ठेवला होता, पण वापरलास तू. आठवतं का, त्यात हात खुपसल्याशिवाय तुला झोप यायची नाही. सकाळी तुझ्या मुठीत कापूस, केसांत कापूस. "झोपतेस की गोधडी पिंजतेस?" असं आई ओरडायची, आणि नव्या गोधडीला पुन्हा कोपरा उघडाच ठेवायची. मी मुद्दाम गोधडी फिरवून घ्यायचे, की तुझा भोंगा सुरू.

आईचं म्हणशील तर जेवण ठीक आहे. मला 'बाई' म्हणते. परवा डॉक्टरांना म्हणाली, कॉलर मळली आहे, घरी कुणी बघत नाही का. मळलेली होतीच. मागच्या खेपेला तिने तुला "कोणाची ग तू?" विचारलं आणि पाहुणी म्हणून खुर्ची दिली. त्यानंतर स्वयंपाकघरात डोळे पुसत तू मला म्हणालीस, तिला मी आठवतच नाही, तर मी येऊ कुणासाठी?

आता ऐक. गोधडी बिघडली तरी थंडी थांबत नाही, म्हणून मी तीच आईच्या अंगावर घातली. ती काठ चाचपायला लागली. एक कोपरा, दुसरा, तिसरा, चौथा, पुन्हा पहिला. मला वाटलं, टोचत असेल. दुपारी मला हाक मारली, "बाई, कात्री आणा. धाकटीचा हात आत राहिलाय. वरून शिवून टाकलंय कुणीतरी." मी म्हटलं, अगं आई, धाकटी मोठी झाली, तिच्या घरी आहे. माझ्याकडे तिने असं पाहिलं की मीच वेडी. "झोपली आहे म्हणून गप्प आहे. उठली की रडेल," म्हणाली, आणि नखांनी शिवण ओढायला लागली. मी कात्री आणली. तिच्या डोळ्यांसमोर सगळे टाके उसवले, वेलबुट्ट्यांसकट. तरी रोज त्या कापडाचे कोपरे चाचपते. तेव्हा गोधडी मी तुझ्याकडे पाठवणार नाही. तू इथे ये, तिच्या पलंगाशी बसून शीव, कोपरा सोड आणि तिच्या देखत त्यात हात घालून बाहेर काढून दाखव. ती तुला ओळखेल असं मी म्हणत नाही. ती तुला शोधते आहे, एवढं मी पाहिलं.

तुझीच, पण या वेळी 'हो ताई' ऐकून न घेणारी,
ताई

ता. क. तुझा नवरा कामासाठी इथे आला होता, त्याच्या हाती दिलं ते असं: आईचं अंगुस्तान, सुयांची डबी, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणि आपल्या बाहेरच्या दाराची किल्ली. कापूस इथे आणून ठेवला आहे.