यंदाचा नामदिन

प्रिय इंगुना,

बटाटे लावून झाले. गाय व्याली, कालवड झाली. शेजारच्या वेल्टाच्या तोंडाचा पट्टा चालूच आहे. काल कुंपणापलीकडून म्हणते कशी, "रस्मा, पुढच्या महिन्यात नामदिन ना तुझा? केशराचा केक जरा मोठा कर गं बाई, गेल्या वर्षी माझ्या वाट्याला नुसतं टोक आलं!" न बोलावता यायचं आणि वर तक्रार! पण नामदिनाची आपली रीतच ती, कॅलेंडरात ज्या नावाचा दिवस, त्या नावाच्या माणसाकडे सगळ्यांनी जायचं. आमंत्रण कुणालाच नाही. दार उघडं ठेवायचं, कॉफी चढवायची, येईल त्याला वाढायचं.

माझं नाव कसं पडलं, ते तुला कधी सांगितलंच नाही बघ. बाबांची सगळी जमीन सामूहिक शेतीत गेली, उरला तो घरामागचा तुकडा. त्या साली तिथे जव असे आले, की कणसं भारानं वाकली, आणि ऐन कापणीत मी जन्मले. मूठभर पेरून सूपभर मिळतं, ती बरकत म्हणजे रस्मा. बाबा म्हणाले, पोरीचं नाव हेच.

वेल्टा मला जन्मभर चिडवत आली, "नाव बरकतीचं, आणि पोर एकच!" तू आयर्लंडला गेलीस आणि तिनं ते चिडवणं बंद केलं.

घरामागचा तो तुकडा विकून मी तुझ्याकडे यावं, असं तू म्हणालीस. मी नाही म्हटलं. तू भडकलीस, मीही काही कमी नाही. तेव्हापासून नाताळाला फोन, तोही हवापाण्यापुरता. हट्टीपणात आपण मायलेकी एकाच माळेचे मणी.

परवा मी वेल्टाकडे बसले असताना तिच्या मुलाचा आयर्लंडहून, तुझ्याच गावातून फोन आला. तुला मुलगी झाली म्हणे. मला कळवलंसुद्धा नाहीस, म्हणून आधी नुसता संताप झाला. मग तो म्हणाला, नाव रस्मा ठेवलंय. अगं, मी होते तिथेच बसले आणि हमसून हमसून रडले. वेल्टानं पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "रड रड, पीक आलंय तुझं."

केक यंदा मोठाच करणार आहे. नामदिनाला पाहुण्यांना बोलवायचं नसतं, म्हणून तुला बोलवत नाही. पण जिचा नामदिन ती काही पाहुणी नव्हे, तिनं घरी असायलाच हवं. यंदा हा दिवस दोन रस्मांचा आहे. एक इथेच आहे. दुसरीला अजून चालता येत नाही, तेवढी तू उचलून आण.

तुझीच,
आई